एका व्रणाचा इतिहास : ‘एकदा सिझर, कायम सिझर’ हे वाक्य आले कुठून?

१/
सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे यादवकालीन अर्धनारीनटेश्वर मंदिराचे आणि माउलींच्या पालखी मुक्कामाचे गाव. महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे येथेही पहिले मूल सिझरने झालेल्या स्त्रीला पुन्हा दिवस गेले, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एकदा सिझर झाले, आता सिझरच.’ ऐकणाऱ्याला तो वैद्यकशास्त्राचा नियम वाटतो. मुळात तो १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये दिला गेलेला एक इशारा होता आणि त्याचा रोख पहिल्या शस्त्रक्रियेकडे होता. 🧵

२/
पोट चिरून मूल बाहेर काढण्याची कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाचा, म्हणजे मूढगर्भाचा, सविस्तर विचार आहे. माता मरण पावली असून उदरात हालचाल जाणवत असेल, तर उदर चिरून बालकाला वाचवावे, असे तेथे सांगितले आहे. प्राचीन रोममध्येही मृत गर्भवतीचे उदर चिरण्याचा दंडक होता. दोन्हीकडे आई वाचेल ही अपेक्षाच नव्हती. साहजिकच पुढच्या बाळंतपणाचा प्रश्नही नव्हता.

३/
एकोणिसाव्या शतकात भूल आली, तरी रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांनी स्त्रिया दगावत. १८७६ मध्ये इटलीतील पाविया येथे एदोआर्दो पोर्रो यांनी बाळ काढल्यावर गर्भाशयच कापून काढले. त्यांची रुग्ण जगली. मात्र आईचा जीव वाचवण्याची किंमत म्हणून तिचे पुढचे मातृत्व संपले होते.

४/
१८८२ मध्ये लाइपझिगचे माक्स झेंगर यांनी वेगळा मार्ग मांडला. तोवर अनेक शल्यवैद्य गर्भाशयावरची जखम न शिवताच सोडून देत. ती काळजीपूर्वक थरांमध्ये शिवावी, असा झेंगर यांचा आग्रह होता. त्यामुळे आईही वाचू लागली आणि गर्भाशयही. पण त्या गर्भाशयावर आता एक व्रण होता. पुढच्या खेपेस कळा आल्या तर तो टिकेल का? आजचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे जन्मला.

५/
याच दशकात महाराष्ट्राच्या इतिहासात एक महत्त्वाची घटना घडली. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल, त्या चौदा वर्षांच्या असताना, दहा दिवसांत दगावले होते. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. गावोगावचे बाळंतपण मात्र अजून अंधाऱ्या खोलीत आणि सुईणीच्या हाती होते.

६/
त्या काळातील छेद गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा घेतला जाई. कळांच्या वेळी सर्वांत जोराने आकुंचन पावतो तो हाच भाग. जंतुसंसर्ग झाला तर व्रण आणखी कच्चा भरे. असा व्रण उसवला, तर आईला आतल्या आत रक्तस्राव होतो आणि बाळाचा प्राणवायू काही मिनिटांत तुटतो. प्रतिजैविके आणि रक्तपेढ्या नसलेल्या त्या काळात ही भीती अनाठायी नव्हती.

७/
या पार्श्वभूमीवर १९१६ मध्ये डॉ. एडविन क्रॅगिन यांनी न्यूयॉर्कमध्ये भाषण केले. विषय होता प्रसूतिशास्त्रातील संयम. सिझर तेव्हा लोकप्रिय होऊ लागले होते. क्रॅगिन आपल्या सहकाऱ्यांना बजावत होते, की पहिल्यांदा चाकू उचलण्यापूर्वी विचार करा, कारण त्याचे ओझे त्या स्त्रीच्या पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर पडते. ‘एकदा सिझर, कायम सिझर’ हे वाक्य या संदर्भातील आहे.

८/
या नियमाला अपवाद असतात, हेही क्रॅगिन यांनी त्याच भाषणात नोंदवले. त्यांच्याच एका रुग्णाने सिझरनंतर तीन मुलांना नैसर्गिकरीत्या जन्म दिला होता. पुढे त्यांचे वाक्य सर्वांच्या तोंडी झाले आणि अपवाद विस्मरणात गेला. पहिले सिझर टाळण्यासाठी दिलेला इशारा दुसरे सिझर करण्याची सबब बनला.

९/
१९२० च्या दशकात छेदच बदलला. ग्लासगोचे जॉन मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. हा भाग कळांमध्ये कमी आकुंचन पावतो आणि व्रण अधिक पक्का भरतो. आज बहुतेक सिझर याच पद्धतीने होतात. जुन्या उभ्या छेदानंतर कळा दिल्यास व्रण उसवण्याचा धोका शंभरात सुमारे ४ ते ९ मानला जातो. आडव्या छेदानंतर, कळा आपोआप सुरू झाल्यास, तो साधारण दोनशेत एक इतका आहे. छेद बदलला तरी वाक्य जुनेच राहिले.

१०/
मुंबईत या काळातील मोठे नाव म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. बेने इस्रायली समाजातील या डॉक्टर १९२८ मध्ये कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी मुंबईतील मातामृत्यूंची पद्धतशीर चौकशी केली. बाळंतिणीचा मृत्यू म्हणजे नशीब, असे मानणाऱ्या समाजात प्रत्येक मृत्यूचे कारण विचारून त्याची नोंद करणे हीच मोठी गोष्ट होती. सिझरनंतरच्या प्रसूतीचा पुढचा सारा विचार अशाच मोजणीच्या शिस्तीवर उभा राहिला.

११/
१९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली आणि जुन्या नियमाचा फेरविचार सुचवला. १९९६ पर्यंत तेथे आधी सिझर झालेल्या शंभरपैकी सुमारे २८ स्त्रिया नैसर्गिकरीत्या प्रसूत होऊ लागल्या. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. काही विमा कंपन्या खर्च वाचवण्यासाठी सर्वच स्त्रियांना कळा देण्याचा आग्रह धरू लागल्या. व्रण उसवल्याच्या घटना पुढे आल्या, खटले झाले.

१२/
१९९९ मध्ये तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने अट घातली, की अशा प्रसूतीच्या वेळी शस्त्रक्रियेची तयारी तत्काळ उपलब्ध असावी. छोट्या रुग्णालयांना ते झेपेना. त्यांनी दारे बंद केली आणि काही वर्षांत ते प्रमाण शंभरात दहाच्याही खाली आले. २०१० च्या परिषदेने पुन्हा सांगितले, की योग्य स्त्रीसाठी हा वाजवी पर्याय आहे. आधी सिझरची सक्ती, मग कळांची सक्ती, मग पुन्हा सिझरची. या तिन्ही वळणांवर स्त्रीला विचारणे मात्र राहून गेले होते.

१३/
आकडे काय सांगतात? २००४ मध्ये अमेरिकेतील १९ केंद्रांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिझरनंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या सुमारे १८ हजार स्त्रियांपैकी शंभरात ७३ यशस्वी झाल्या. हजारात सुमारे सात जणींचा व्रण उसवला. प्राणवायूअभावी मेंदूला इजा झालेली १२ बाळे याच गटातील होती, ठरवून पुन्हा सिझर केलेल्या गटात एकही नव्हते. धोका लहान आहे, पण ज्या घरावर ओढवतो त्याच्यासाठी तो लहान नसतो.

१४/
तराजूचे दुसरे पारडेही रिकामे नाही. प्रत्येक सिझरगणिक पुढच्या गर्भारपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची शक्यता वाढते. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, तर पहिल्या सिझरच्या वेळी ही शक्यता शंभरात सुमारे ३, दुसऱ्या वेळी ११ आणि तिसऱ्या वेळी ४० असल्याचे एका मोठ्या अभ्यासात दिसले. म्हणून दोन मुलांवर थांबणारीचा हिशेब वेगळा आणि पुढेही मूल हवे असणारीचा वेगळा.

१५/
महाराष्ट्रात हा प्रश्न आता मोजक्या घरांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सिझरचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शंभरात २०.१ होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ झाले. म्हणजे चारांतील एक जन्म सिझरने होतो. तेवढ्याच घरांत पुढच्या खेपेस हा निर्णय समोर उभा राहतो.

१६/
येथे मराठी घरांतील एक जुनी रीत आड येते. पहिले बाळंतपण माहेरी होते, दुसरे अनेकदा सासरी. पहिल्या सिझरची कागदपत्रे माहेरच्या कपाटात राहतात आणि वेळापुरातील सुनेच्या हाती उरतो केवळ पोटावरचा व्रण. तो आतला छेद सांगत नाही. बाहेरचा टाका आडवा असला तरी गर्भाशयावरचा तसाच असेल, याची खात्री नसते. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची नोंद यांना मोठे मोल आहे.

१७/
दुसरा प्रश्न अंतराचा. वेळापुरास अकलूज जवळ, पंढरपूर दूर, सोलापूर त्याहून दूर. पालखीच्या दिवसांत तर रस्त्यांवर वाहने हलत नाहीत. २०११ पासून शासकीय रुग्णालयांत सिझरही मोफत आहे आणि २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका धावते. तरी व्रण उसवला तर हाती मिनिटेच असतात. म्हणून हा प्रयत्न घरी होऊ शकत नाही. मध्यरात्रीही शल्यवैद्य, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल, अशाच ठिकाणी तो व्हावा लागतो.

१८/
म्हणून निर्णय कळा सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांसमोर बसून घ्यावा लागतो. आतला छेद कोणता होता? पहिले सिझर कशामुळे झाले : बाळ पायाळू होते, की कळा देऊनही मार्ग अडला होता? दोन बाळंतपणांत अंतर किती? आधी कधी नैसर्गिक प्रसूती झाली आहे का? रुग्णालयात रात्री शस्त्रक्रिया होते का? या उत्तरांवर एकीसाठी पुन्हा सिझर योग्य ठरेल, तर दुसरीसाठी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न.

१९/
क्रॅगिन यांनी आपले वाक्य डॉक्टरांना उद्देशून उच्चारले होते. शंभर वर्षांत ते गर्भवतीला ऐकवण्याचे वाक्य झाले. त्याचा मूळ अर्थ पुन्हा ध्यानी घेतला, तर पहिल्या सिझरच्या आधीच दुसऱ्या बाळंतपणाचा विचार होईल, आणि दुसऱ्या खेपेस वेळापुरातील त्या स्त्रीला जुनी म्हण ऐकवण्याऐवजी तिच्या व्रणाची कागदपत्रे मागितली जातील.

(धागा समाप्त)