मागून ढकलणारे

कर्जतला गाडी थांबते ती बटाटेवड्यासाठी, असा पुणे-मुंबई करणाऱ्या सज्जनांचा ठाम समज असे. आम्ही कर्जतकरांनीही तो कधी खोडून काढला नाही. गावातल्या चार कढयांचा प्रश्न होता. पण खरं कारण गाडीच्या शेपटीला असायचं. पुढे बोरघाट, 37 फुटांमागे 1 फूट असा चढ. मागून ढकलायला इंजिनं जोडायची, म्हणून तो थांबा. या इंजिनांना म्हणतात ‘बँकर’. पेढीशी यांचा काही संबंध नाही, आणि पगार पाहता तो नसणारच, असं आमची आई म्हणे. माझे वडील बँकरवर ड्रायव्हर होते.

घाटातून गाडी सुरू झाली 1863 साली. तेव्हा वाफेची इंजिनं. आणि खंडाळ्याच्या अलीकडे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट्या दिशेने पुढे जायचं. 1929 साली हा उलटासुलटा प्रकार संपला आणि त्याच वर्षी विजेच्या तारा पुण्याला पोचल्या. त्यांच्याखाली मालगाड्या ओढायला आले ते खेकडे! कागदोपत्री ईएफ-1, पुढे डब्ल्यूसीजी-1. एकूण 41, काही स्वित्झर्लंडची, बाकीची विलायतेची. मधोमध खोली, पुढेमागे दोन लांब नाकं, आणि विजेचं असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. चालताना ते दांडे सपसप करत आणि उभं असलं की इंजिन चक्क कण्हत असे. यार्डात दोन खेकडे उभे असले, की शेजारच्या दमेकरी आजोबांचं कण्हणं कुणाच्या लक्षातच येत नसे.

आई मात्र त्या आवाजावर भाताचं आधण ठेवी. घाट उतरून आलेलं इंजिन कण्हू लागलं, की तांदूळ धुवायला घ्यायची. श्रावणात, दरडी पडायच्या दिवसांत, ते वेळेवर कण्हलं नाही तर ओट्यावर येऊन नुसतीच उभी राहायची. आम्हीही मग भूक लागली असं म्हणत नसू.

1970 नंतर चित्तरंजनची डब्ल्यूसीजी-2 आली. दांडे नाहीत, नाकं नाहीत. खेकडे यार्डात डबे इकडचे तिकडे करू लागले, घरातल्या म्हाताऱ्याला शेंगा सोलायला बसवतात तसे. 1990 च्या दशकात तेही सुटलं. मग तारांतली वीजच बदलली. 1500 व्होल्टची डीसी जाऊन 25,000 व्होल्टची एसी आली. मुंबईकडचा हा सगळा पालट 2016 साली पुरा झाला. डब्ल्यूसीजी-2 ला डीसीखेरीज काही पचत नव्हतं, तीही गेली. आता घाटात पाच हजार अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-7 दिसतं. सहा हजारांवरचं डब्ल्यूएजी-9 ही दिसतं. त्यातली पहिली 1996 साली स्वित्झर्लंडहूनच आली, म्हणजे खेकड्याच्या माहेरची. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात एक खेकडा ठेवला आहे. मी मुद्दाम जाऊन आलो. कण्हत नव्हता.

वडिलांनी यातलं पुढचं काही पाहिलं नाही. त्यांनी अख्खी नोकरी पुण्याच्या गाड्या ढकलल्या. पण बँकर लोणावळ्याला सुटतो आणि खाली येतो, त्यामुळे पुणं राहिलंच. निवृत्त झाल्यावर थोरल्या भावासाठी मुलगी पाहायला सगळे निघालो. वडिलांच्या हट्टापायी शेवटच्या डब्यात बसलो. चढभर ते मागच्या भिंतीला कान लावून होते. “तिसऱ्याचा जोर कमी पडतोय,” एवढंच एकदा बोलले.

लोणावळ्याला मागची इंजिनं सुटली, तसे वडील पिशवी घेऊन उतरले. चिक्की आणायला गेले असतील असं आम्हाला वाटलं. गाडी सुटली. मुलगी त्यांच्यावाचूनच पाहिली, पसंतही केली.

रात्री घरी आलो तर वडील ओट्यावर बसलेले. “इंजिन सुटलं, मी आपला उतरलो,” म्हणाले. “काय म्हणतंय पुणं?”

आई काही बोलली नाही. आत जाऊन तिने आधण ठेवलं.