अंगणवाडीची जन्मकथा

'अंगणवाडी' हा शब्द आज खेड्यापाड्यांतून व शहरांतील वस्त्यांतून इतका रुळला आहे की, तो कोठून आला, हे विचारण्याची कोणास आवश्यकता भासत नाही. तो सरकारी कागदपत्रांत जन्मला असावा, असाच पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्याचे मूळ डहाणू तालुक्यात समुद्रकाठी वसलेल्या बोर्डी ह्या गावी सापडते. पूर्वीच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील ह्या गावी घडलेली ही हकीकत आपल्या ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

कै. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. स्त्रियांना पदवी दुर्मीळ असण्याच्या काळात त्या पदवीधर झाल्या. पुढे भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कार्यात त्या सामील झाल्या. माँटेसरी पद्धती आपल्याकडील घरांस व मुलांस मानवेल अशी करून घेण्याचा तो उद्योग होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. शिशुविहाराचा लौकिक वाढला; परंतु तेथे येणारी मुले बहुधा सुस्थितीतील घरांची असत. ज्या घरी आईबाप दोघेही सकाळी मजुरीस बाहेर पडतात, तेथील मुलाचे काय, हा प्रश्न तसाच उरला.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाईंनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना ह्या कामी लाभलेल्या सहकारी म्हणजे अनुताई वाघ. बालपणीच विवाह व लगेच वैधव्य प्राप्त झालेल्या अनुताईंनी शिक्षणाच्या बळावर स्वतःचे आयुष्य उभे केले होते. ते त्यांनी पुढे सर्वस्वी ह्या मुलांना वाहिले.

बोर्डीस बालवाडी उघडली. पण ज्यांच्याकरिता ती प्रामुख्याने उघडली, ती दलित वस्तीतील मुले येईनात. अशा वेळी आईबापांना दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. ताराबाईंनी दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्या वस्तीतील अंगणात नेली. तेथे प्रथम मुलांना आंघोळ घालावयाची, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे. मग गाणी, गोष्टी व खेळ. महागडी माँटेसरी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, खडे, बिया, पाने हीच मोजण्याची व ओळखण्याची साधने झाली. हे सारे दारातच चालत असल्यामुळे आयांनाही ते पाहावयास मिळे. मुलाला मिळालेली मदत अशा रीतीने घराला मिळू लागली. हीच अंगणवाडी.

१९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले व वारली समाजातील मुलांमध्ये काम सुरू झाले. येथे अडचण निराळी होती. मुलगी शाळेत येत नाही, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर. मुलगा येत नाही, कारण गुरे त्याच्या हवाली. तेव्हा भावंडासाठी पाळणाघर निघाले आणि गुराख्यांसाठी जेथे गुरे चरतात तेथेच 'कुरणशाळा' भरू लागली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकत्र आणणारी 'विकासवाडी' ह्याच अनुभवातून आकारास आली. मुलाला घरापासून तोडून शिकवता येत नाही. घराची अडचण आधी दूर करावी लागते, हे त्या दोघींनी प्रत्यक्ष करून दाखविले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला व १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी व शाळापूर्व शिक्षण ह्या सेवा जेथे मिळतात, त्या केंद्रास अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात अशी १३ लाखांहून अधिक केंद्रे आहेत. कोसबाडचे कार्य अनुताईंनी १९९२ साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत चालविले.

आता थोडे आपल्याविषयी. ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे बांधली, शिष्यवृत्त्या दिल्या, गुणवंतांचे सत्कार केले. ह्या कार्याचे मोल कोण नाकारील? परंतु हे साहाय्य बहुधा शालान्त परीक्षेच्या सुमारास पोहोचते. जे मूल त्याच्या पुष्कळ आधी, आजारपणाने, उपासाने वा धाकट्या भावंडाच्या ओझ्याने मागे पडले, ते आपल्या सत्कारसमारंभात कधी दिसतच नाही. त्याचे नाव यादीत नसते, म्हणून ते आपल्यात नाही असे आपण धरून चालतो.

दुसरी गोष्ट अधिक स्पष्टपणे सांगावयास हवी. ताराबाई जर आपल्यासारख्यांच्या मुलांपुरत्या थांबल्या असत्या, तर शिशुविहार राहिले असते. अंगणवाडी झाली नसती. स्वजनांची काळजी वाहणे हे आपल्या संस्थेचे कर्तव्य खरेच. पण तान्ह्या मुलाची भूक ज्ञात पाहून लागत नाही. आपल्या सभागृहाचे अंगण सकाळच्या वेळी रिकामेच असते. ते शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी व त्यांच्या आयांसाठी उघडता येईल काय, ह्याचा विचार येत्या वार्षिक सभेत व्हावा, एवढीच नम्र विनंती.