ख्यालाची ख्यालीखुशाली

फोनवर कुणी ‘ख्यालीखुशाली कळव’ म्हणालं, की मला हमखास विलंबित एकतालातला ख्याल आठवतो. दोन्हीकडचा ‘ख्याल’ एकच ना! मूळ शब्द अरबी, ‘खयाल’ म्हणजे कल्पना, मनात उमटलेली प्रतिमा. फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानात आला आणि गवयांनी उचलला. परंपरा ख्यालाचं श्रेय जौनपूरच्या हुसेनशाह शर्कीला देते, १५व्या शतकातल्या सुलतानाला. पण ख्यालाचं रूप घडलं आणि दरबारी मान वाढला तो १८व्या शतकात, मुहम्मदशाह रंगीलेच्या दिल्लीत. त्याच्या पदरचे बीनकार नियामत खाँ म्हणजेच ‘सदारंग’. ही नाममुद्रा आजही कितीतरी बंदिशींच्या अंतऱ्यात कानी पडते. धृपदाच्या भारदस्त बांधणीपुढे ख्यालाची बंदिश जेमतेम चार ओळींची. पुढचा सारा विस्तार गायकाच्या मनातला. कलेला इतकं चपखल नाव क्वचितच मिळालं असेल.

मराठीत मात्र हा शब्द मौजमजेकडे झुकला. ‘ख्याली’ म्हणजे रंगेल आणि ‘ख्यालीखुशाली’ म्हणजे चैनबाजी. पुढे तिची निव्वळ विचारपूस झाली. एरवी सुटा ‘ख्याल’ आज मराठीत बहुधा गाण्यापुरताच उरला आहे, बडा आणि छोटा.