मागणीबरहुकूम भक्ती

फॅनी क्रॉस्बी (1820–1915) या अमेरिकन गीतकर्त्रीची गोष्ट बहुधा डोळ्यांपासूनच सुरू होते. न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यात जन्म, दीड महिन्याची असताना डोळे आले, कुणा भोंदू वैद्याने लेप लावला, दृष्टी गेली. आणि पुढे या अंध बाईंच्या तोंडून आठ हजारांवर ख्रिस्ती भक्तिगीते आपसूक झरली. (दोष जन्मजातच असावा असे अलीकडच्या काही डॉक्टरांना वाटते, पण चरित्रकारांना लेपच सोयीचा.) या कौतुकात बाईंचे कसब मात्र झाकून जाते. गाणी झरली नाहीत, ती रचली गेली, आणि बरीचशी मागणीबरहुकूम.

याची तालीम चर्चबाहेर झाली होती. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत आधी विद्यार्थिनी आणि मग शिक्षिका असताना, 1850च्या दशकात, त्यांनी संगीतकार जॉर्ज रूट यांच्यासाठी घरोघर पियानोवर म्हटली जाणारी लौकिक गाणी लिहिली. 1864 मध्ये विल्यम ब्रॅडबरी या संगीतकार-प्रकाशकाशी गाठ पडली, तेव्हा संडे स्कूलच्या गीतपुस्तकांना जोराची मागणी होती आणि चालींना शब्द हवे होते. 1868 मध्ये संगीतकार विल्यम डोन चाल घेऊन आले. त्यांची गाडी सुटायला चाळीसच मिनिटे उरली होती. बाईंनी चाल ऐकली, कडवी मनातल्या मनात जुळवली आणि गाडी सुटायच्या आत लिहवून दिली. 1873 मध्ये फीबी नॅप यांनी आपली चाल वाजवून दाखवल्यावरही असेच झाले. एकाच पुस्तकात एकाच नावाची गर्दी दिसू नये म्हणून जवळपास दोनशे टोपणनावे वापरावी लागली. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा शोधणाऱ्या मराठी वाचकाला हा व्यवहार चमत्कारिकच वाटेल.

मागणीवर लिहिलेली भक्ती खरी कशी, ही शंका रास्त आहे. पण वेळेचा धाक भावनेला मारतोच असे नाही, आणि बायबलचे अध्यायच्या अध्याय लहानपणापासून मुखोद्गत असलेल्या बाईंना शब्द शोधत बसावे लागत नव्हते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. स्तोत्रवाङ्मयाचे कोशकार जॉन जूलियन यांनी 1892 मध्ये या रचना, थोडे अपवाद सोडता, दुबळ्या ठरवल्या. कागदावर वाचल्या तर त्यांचे म्हणणे खोडणे कठीण. प्रतिमा त्याच त्या आणि भाव ढोबळ. मात्र ही गीते वाचायला नव्हे, मूडी आणि सँकी या ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या सभांत अनोळखी हजारोंनी एका दमात उचलावीत म्हणून होती. तिथे ध्रुपद पहिल्याच फेरीला ओठांवर बसणे ही अट होती, आणि ती बाईंनी पाळली. पैशाबाबत मात्र बाईंच्या चाहत्यांशीही माझे पटत नाही. गाण्यामागे डॉलर-दोन डॉलर मिळत आणि पुढचे हक्क सहसा प्रकाशकाकडे जात. डोन हे यंत्रांचे कारखानदार, नॅपबाई विमा कंपनीच्या अध्यक्षांच्या पत्नी. क्रॉस्बीबाई मात्र मॅनहॅटनच्या गरीब वस्त्यांत भाड्याने राहत. त्या आपणहून पैसे वाटून टाकत, हे खरेच. पण त्या दानधर्माने करारातली विषमता पुसली जात नाही. वाटायला हाती काय आले, हे आधी प्रकाशकच ठरवत होता.