राखलेलं आणि लपवलेलं

‘सुनावणी इन कॅमेरा झाली’ असं बातमीत वाचून आमच्या मावशीने विचारलं होतं, ‘म्हणजे त्या बाईचं शूटिंग केलं की काय?’ तिचं काय चुकलं? लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे कमानदार छताची खोली. अंधाऱ्या खोलीत भोकातून उजेड घेऊन बाहेरचं चित्र भिंतीवर पाडत, तिला म्हणत ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’. पुढे त्यातलं ‘ऑब्स्क्युरा’ गळालं आणि खोलीचं यंत्र झालं. न्यायाधीशांच्या ‘इन कॅमेरा’त मात्र ती जुनी खोलीच आहे. दार लावून घेतलेली.

गर्भपाताच्या प्रकरणात नुसतं दार लावून भागत नाही, नाव कागदावरून बाहेर पडतं. म्हणून चोवीस आठवडे उलटल्यावर मुंबई उच्च न्यायालयात परवानगी मागणारी बाई बहुधा ‘एक्सवायझेड’ असते. मराठीत म्हणायचं तर ‘अमकी विरुद्ध महाराष्ट्र शासन’.

याला आपण गोपनीयता म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ‘काहीतरी लपवलंय’ असं वाटतं. पण ‘गुप्’ धातूचं मूळ ‘गोपा’त, म्हणजे गुराख्यात आहे. गुरं राखणं, मग कशाचंही रक्षण. चंद्रगुप्त हा लपलेला चंद्र नव्हे, चंद्राने राखलेला. लपवण्याचा अर्थ नंतर चिकटला, आणि आता तोच उरलाय.

गर्भपाताच्या बाबतीत तो घट्ट का चिकटला, हे ‘पात’ या शब्दात दिसतं. ‘पत्’ म्हणजे पडणं. त्याच धातूचा ‘पातक’, माणसाला खाली पाडणारं ते. कायद्याच्या मराठीने ‘गर्भसमापन’ काढून ही भाऊबंदकी तोडायचा प्रयत्न केला. बायका आपल्या ‘पिशवी साफ केली’ म्हणतात. मला तो शब्द सरकारी शब्दापेक्षा शहाणा वाटतो.

कायदा मात्र गुराख्याच्या बाजूचा आहे. 1971च्या गर्भपातविषयक कायद्यात 2021 साली कलम 5अ आलं: कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही डॉक्टरने बाईचं नाव वा तपशील सांगितला, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मुलगी अल्पवयीन असली की बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याखाली पोलिसांना कळवणं भाग, त्यामुळे घरचे डॉक्टरकडे जायलाच कचरत. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर वाट काढली. कळवायचं, पण मुलीने व पालकांनी विनंती केली तर नाव द्यायची गरज नाही. पुढे खटला उभा राहिला तरी नाही.

आणि त्याच 1971च्या कायद्याखालच्या 2003च्या नियमावलीतलं ते पाकीट. संमतीपत्र आत घालून ते मोहोरबंद करायचं. वर डॉक्टरचं नाव लिहायचं. बाईचं नाव नाही, फक्त रजिस्टरातला तिचा क्रमांक. शिवाय एक शब्द: ‘गुप्त’.