पंजाबातील विठ्ठल

शीख बांधवांच्या ग्रंथसाहेबात पंढरीच्या विठ्ठलाचे नाव आढळते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यांत भगत नामदेवांची ६१ पदे घेतली. तेथे विठ्ठलाचा ‘बीठल’ झाला आहे, इतकेच.

हे भगत नामदेव आणि दामाशेटी व गोणाई यांचे पुत्र, १२७० साली जन्मलेले आपले नामदेव, हे एकच काय? हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. उत्तर होकारार्थी असेल, तर कबीरांच्या पूर्वीच एका मराठी शिंप्याने उत्तरेत भक्तीची वाट पाडली, असे म्हणावे लागते.

शंका घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना मूळ नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, हे सर्वमान्य आहे. शिवाय अभंगांतून विठोबाशी लेकराप्रमाणे भांडणारे नामदेव पंजाबी पदांत निर्गुणाची भाषा बोलतात, ती कशी?

पण हा पालट मराठी परंपरेलाही परका नाही. शिवलिंगावर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनी ‘देव नाही अशी जागा दाखव’ म्हणून नामदेवांचे डोळे उघडल्याची कथा आपल्याच घरची आहे. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेव अर्धशतकाहून अधिक काळ हयात होते. एवढ्या अवधीत माणूस सगुणातून निर्गुणाकडे का जाऊ नये?

माझ्या मते पदांतली साक्ष अधिक बोलकी आहे. कर्ता स्वतःला छिपा जातीचा म्हणवितो. हीन जात म्हणून आपणांस देवळातून उठविले आणि मग देऊळच आपल्याकडे फिरले, असे तो सांगतो. औंढ्या नागनाथाची ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो! भाषेतही मराठी वळणाची ‘ल’कारान्त भूतकाळी रूपे मधूनच डोकावतात.

गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे नामदेवांनी दीर्घकाळ वास्तव्य केले, अशी तेथील श्रद्धा आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले. पंढरपुरात महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची; घुमानला त्यांच्या नावाचा दरबार आहे, आणि उत्तरेकडील शिंपी व रंगारी समाजांतील कित्येक घराणी आजही स्वतःस ‘नामदेव’ म्हणवितात.