पानशेत, रिटर्न आणि भिजलेला फ्रिज

गोष्ट जुलै २०२४ ची. २५ तारखेला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीतले तळमजले बुडाले. आमच्या टीममधला एक जण तिथेच राहतो. दोन दिवसांनी खराडीच्या ऑफिसात आला तो चिखलाच्या बुटांनीच. फ्रिज, सोफा, वॉशिंग मशीन, सगळं गेलं. इन्शुरन्स नाही. (घरातल्या सामानाचा विमा आपल्यापैकी किती जणांनी काढलाय? मीही नाही.)

चहाच्या टपरीवर म्हणाला, "मी रिटर्न भरून बसलोय. रिव्हाइज करून हे नुकसान दाखवता येईल का रे? क्लायंटकडच्या ह्यूस्टनवाल्याने दाखवलं होतं." ह्यूस्टनवाल्याचं घर ऑगस्ट २०१७ च्या हार्वे वादळात बुडालं. त्याने २०१६ चं, म्हणजे वादळाच्या आदल्या वर्षाचं रिटर्न दुरुस्त केलं आणि भरलेला टॅक्स परत मिळवला!

मला ही थाप वाटली. शनिवारी शोधत बसलो, तर थाप नव्हती. अमेरिकेच्या १९१३ च्या आयकर कायद्यातच आग, वादळ किंवा जहाज बुडून झालेलं, विम्याने भरून न निघालेलं नुकसान उत्पन्नातून वजा व्हायचं. (जहाज! पगारदार माणसाचं!) ३१ मार्च १९६२ च्या कायद्याने, सरकारने आपत्ती जाहीर केलेल्या भागात, हे नुकसान आदल्या वर्षाच्या रिटर्नमध्ये घ्यायची मुभा दिली. सुरुवातीला वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतल्या आपत्तीपुरती, पुढे वर्षभरासाठी. घर बुडालेल्याला पैसे आत्ता हवेत, पुढच्या वर्षी नाही, एवढं साधं लॉजिक.

१९६२ वाचलं आणि मी थबकलो. कारण त्याच्या जेमतेम आठ महिने आधी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं होतं. मागोमाग खडकवासलाही. नारायण, शनिवार पेठ, डेक्कन पाण्याखाली. तेच पाणी पुढे मुळा-मुठेतून आमच्या खराडीवरून गेलं, तेव्हा हे नदीकाठचं खेडं होतं. आणि १३ सप्टेंबर १९६१ ला, म्हणजे पुराला दोनच महिने झाले असताना, आपल्या नव्या आयकर कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. विधेयक पुराआधीच मांडलेलं, तेव्हा पानशेतकडे दुर्लक्ष केलं असं म्हणण्यात अर्थ नाही. पण एका वर्षाच्या आत दोन देशांनी केलेले हे दोन कायदे, आणि दोन्हींत पूर केवढा वेगळा दिसतो!

आपल्याकडे दुकानदाराचा भिजलेला माल धंद्याचा तोटा म्हणून हिशोबात धरता येतो. टपरीवाल्याची साखर वाहून गेली तरी तेच. पण वरच्या मजल्यावरच्या कारकुनाची कपाटं, भांडी, शिलाई मशीन म्हणजे त्याचा खासगी मामला. पगारातून ते वजा करायचं कलमच नाही. रिव्हाइज्ड रिटर्नची सोय होती, पण ती काही राहिलं किंवा चुकीचं लिहिलं तर. पूर ही रिटर्नमधली चूक नाही ना!

घराच्या भिंतींचं तर आणखी गमतीशीर. १९९१ मध्ये वानिया सिल्क मिल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, आगीत मशिनरी नष्ट होणं म्हणजे 'हस्तांतरण' नव्हे, म्हणून विम्याच्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नाही. १९९९ च्या फायनान्स ॲक्टने सरकारने ती फट बुजवली: पूर, आग, भूकंपात विमा कंपनीकडून पैसे मिळाले तर नफा मोजायचा. मात्र विमाच नसेल तर जुनंच तर्कशास्त्र, हस्तांतरण नाही म्हणून तोटाही नाही. नफ्याचं भोक बुजवलं, तोट्याचं उघडंच ठेवलं. मला हे पटत नाही.

दिलासा आला तो २००७ मध्ये. सरकार किंवा महापालिकेकडून मिळालेली आपत्तीची भरपाई करमुक्त झाली, तीही १ एप्रिल २००५ पासून मागे जाऊन. म्हणजे त्सुनामीच्या वर्षापासून. थोडक्यात, सरकारने दिलेल्यावर कर नाही, पण तुमच्या खिशातून गेलेल्याची नोंदही नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या कायद्यातही कारकुनाच्या कपाटासाठी वजावट आलेली नाही.

अमेरिकेचंही फार कौतुक नको. २०१७ च्या कायद्याने तिथेही ही वजावट सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीपुरती आखडली. साधी आग लागली तर बसा बोंबलत.

सोमवारी मित्राला सांगितलं, रिटर्नला हात लावू नकोस. पंचनामा झाला का? तर म्हणे तलाठी येऊन गेले, कागद आहे, पण फ्रिज अजून जिन्यात पडलाय, भंगारवाला तीनशे देतो म्हणतोय.